बेटाला मी दिलेले गुण

वर्ध्यात कुणी मला "मॅडम, सध्या काय करता?" असं विचारलं की मी "घरीच असते" म्हणून मोकळी होते. खरं सांगायला गेलं तर समोरच्याचा चहा थंड होतो आणि शेवटी तो "म्हणजे ऑनलाइन ना?" एवढंच विचारतो. माझं काम देशांना गुण देण्याचं आहे. मोठमोठ्या कंपन्या कमावतात एका देशात आणि नफा दाखवतात दुसऱ्याच कुठल्या तरी बेटावर, जिथे कर नावापुरता असतो. वर्तमानपत्रवाले अशा जागांना करचुकव्यांची नंदनवनं म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही. नंदनवनात निदान फुलं तरी असतील. इथे एका इमारतीवर शेकडो कंपन्यांच्या पाट्या असतात आणि आत खुर्चीवर बसायला माणूस नसतो.

या जागांची दर दोन वर्षांनी एक यादी निघते. परदेशातली एक अभ्यासकांची संस्था ती काढते. पहिला नंबर म्हणजे सगळ्यात वाईट. नंबर ठरवायला दोन गोष्टी मोजतात. त्या देशाच्या कायद्याने चोरवाट किती रुंद ठेवली आहे ही एक, आणि त्या वाटेने खरोखर किती पैसा जातो ही दुसरी. पैसा मोजणारे लोक वेगळे. माझ्याकडे वाटेची रुंदी. प्रत्येक देशाचा एक तक्ता असतो आणि तक्त्यात प्रश्न. कंपनीचा खरा मालक कोण हे सरकारला सांगावं लागतं का? तिचे हिशेब सामान्य माणसाला पाहायला मिळतात का? नफा बाहेर पाठवताना कर कापतात का? प्रत्येक उत्तराला कायद्याचं कलम जोडायचं. कलम सापडलं नाही तर सगळ्यात वाईट गुण. चांगले गुण मिळाले की देश यादीत खाली सरकतो आणि त्याची अब्रू वाचते.

या कामाआधी अकरा वर्षं मी कॉलेजात तासिकांवर कंपनी कायदा शिकवला. एका जूनमध्ये तासिकाच आल्या नाहीत. कुणी "येऊ नका" म्हणालं नाही, फक्त वेळापत्रकात माझं नाव नव्हतं. नवरा त्याच्या आधीच गेला होता. घरात मी आणि आई. मग एका जुन्या विद्यार्थिनीने पाठवलेली जाहिरात पाहून मी अर्ज केला, आणि ज्या देशांची नावं नकाशात शोधायला भिंग लागतं, त्यांचे कायदे वाचायला बसले. पगार चांगला होता. आईच्या औषधांचा, वीजबिलाचा आणि माझ्या तोऱ्याचा खर्च त्यातून निघत होता.

माझ्या या कामाचं खरं कौतुक एकाच माणसाला होतं, माझ्या भावाला. तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान, देवळीला राहतो, आणि तिथल्या सोयाबीन तेलाच्या कारखान्यात बॉयलरवर होता. बॉयलर चालवायचं सरकारी सर्टिफिकेट त्याने फ्रेम करून देवाच्या फोटोंशेजारी लावलं होतं. मी एकदा त्याला सगळं समजावून सांगितलं तेव्हा तो मांडी थोपटून म्हणाला, "म्हंजे तू चोरांची मेरिट लिस्ट काढून राह्यली!" त्यानंतर कारखान्यात, पानठेल्यावर, लग्नात, जिथे तोंड उघडायला मिळेल तिथे तो सांगत सुटला की माही बहीण जगातल्या चोरांची मेरिट लिस्ट काढते. मी रागवायची. आतून मला ते आवडायचं, हेही कबूल करते.

कारखाना मुळात देवळीच्याच एका शेठजींचा. डब्यावरचं नाव त्यांनी आपल्या आईचं ठेवलेलं. पुढे त्यांच्या मुलांनी कारखाना एका परदेशी कंपनीला विकला. गेटवर नवी पाटी आली, हेल्मेट सक्तीचं झालं, आणि दर वर्षी मिटिंगमध्ये एकच रडगाणं सुरू झालं की प्लांट तोट्यात आहे. भाऊ माझ्याकडे येऊन चिडायचा. "बॉयलर चोवीस घंटे पेटून राह्यला, ट्रक लाइनीत उभे हायेत, मंग हा तोटा येते तरी कुठून?" मी म्हणायची, पाहू कधीतरी. पाहिलं मात्र नाही. जगाचे हिशेब पाहणाऱ्या बाईला देवळीचा हिशेब पाहायला वेळ नव्हता.

मग कंपनीने कारखाना बंद करायची परवानगी मागितली. सततचा तोटा, हे कारण. कामगारांनी हरकत घेतली, एक कमिटी केली, आणि बोलका म्हणून भावाला पुढे केलं. वर्ध्याला कामगार अधिकाऱ्यांपुढे सुनावणी लागली. भाऊ तेव्हा शेहेचाळीस वर्षांचा. मुलगी बारावीला. त्या वयाच्या बॉयलरवाल्याला आमच्या भागात दुसरा बॉयलर मिळत नाही. नागपूरकडे मिळतो, तो पंचविशीतल्या पोराला.

तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ताई, तू बाहेरच्या देशाचे पाहते, आता आमचेबी पाह्य." सरकारी वेबसाइटवर पैसे भरले की कंपनीचे हिशेब कुणालाही मिळतात. मी ते काढले आणि मागून वाचायला सुरुवात केली. हिशेबाची पुढची पानं नवरदेवाकडच्यांना दाखवायला असतात, घरची खरी परिस्थिती शेवटच्या टिपांमध्ये सापडते, असं मी मुलांना शिकवायची. इथेही सापडली. डब्यावरचं नाव आता एका बेटावरच्या कंपनीच्या मालकीचं होतं. ती याच कंपनीची बहीण. आणि ते नाव वापरायचं म्हणून देवळीचा कारखाना तिला दर वर्षी मोबदला पाठवत होता. जेवढा नफा राहिला असता, त्याहून थोडा जास्तच.

मी भावाला ते बोट ठेवून दाखवलं. त्याला समजायला वेळ लागला नाही, पण पटायला लागला.

"म्हंजे शेठच्या मायच्या नावाचं भाडं?"

"हो."

"तिले तं मी पाह्यलं हाय. आमाले ताक घेऊन ये कारखान्यात, डोक्शावर पदर घेऊन." त्याने कागद माझ्याकडे सरकवला. "ते बुढी कधी नागपूरच्या पुढं गेली नाई ना ताई."

मला इतका संताप आला की मी त्याच भरात बोलून गेले. ते बेट माझ्याच वाट्याचं आहे. दोन महिन्यांपूर्वीच मी त्याचा तक्ता भरून पाठवला आहे. यादी पुढच्या महिन्यात निघते, जग मानतं त्या यादीला. बेट पहिल्या दहात असणार म्हणजे असणारच. सुनावणीत ते ठेव, म्हणावं, पाहा साहेब, आमच्या कारखान्याचा नफा कोणत्या गावाला जातो ते. त्या बेटाला मी एकदोन ठिकाणी बरे गुण दिल्याचं मला आठवत होतं. पण एवढं बदनाम बेट, तेवढ्याने काय होतंय, असं मी धरून चालले. अकलेचे तारे तोडायला माणूस फार शिकलेला असावा लागतो.

भावाने ते कमिटीत सांगितलं. कमिटीने गेटवर सांगितलं. महिनाभर देवळीचे शे-दीडशे संसार माझ्या यादीची वाट पाहत होते. भाऊ एक दिवसाआड फोन करायचा, "आली का?" त्याच्या मागे दोनचार आवाज असायचे.

यादी एका दुपारी आली. मी आधी पहिली दहा नावं पाहिली, मग पहिली वीस. मग मी शोधायच्या चौकटीत बेटाचं नाव टाकलं. ते पार खाली, सभ्य देशांच्या गर्दीत जाऊन बसलं होतं. प्रस्तावनेत त्याचं वेगळं कौतुकही होतं, या वेळी सर्वाधिक सुधारणा करणाऱ्यांपैकी एक म्हणून. मला वाटलं पैसा मोजणाऱ्यांनी काहीतरी घोळ घातला. दुसऱ्याकडे बोट दाखवायची सवय अशी पटकन कामाला येते. मी माझा तक्ता उघडला.

त्या बेटाने नवा कायदा केला होता. परदेशी मालकीच्या प्रत्येक कंपनीने हिशेब दाखल करावेत, खरा मालक सांगावा, आणि हे सगळं लोकांना पाहायला मिळावं. तक्त्यातले चार प्रश्न त्या एका कायद्यावर उभे होते आणि चारहींना मी उत्तम गुण दिले होते. कलमं बरोबर होती, राजपत्राचा दुवा बरोबर होता. मग मी कायदा पहिल्या पानापासून वाचला. पहिल्याच कलमात, कायद्याच्या नावाखाली, एक ओळ होती. मंत्री राजपत्रात अधिसूचना काढून ठरवतील त्या दिवसापासून हा कायदा लागू होईल. मी संध्याकाळपर्यंत त्या बेटाची राजपत्रं धुंडाळली. अधिसूचना निघालीच नव्हती. कायदा पास करून, टाळ्या घेऊन, त्यांनी तो फळीवर ठेवून दिला होता.

हे मी अकरा वर्षं शिकवलं आहे. कायदा पास झाला म्हणजे लागू झाला असं नाही, आधी पहिलं कलम वाचा. परीक्षेत हमखास विचारायची मी हे. आपल्याकडचे कायदेही असेच वर्षानुवर्षं पडून राहतात, त्याची उदाहरणं तोंडपाठ होती मला. तरी मी चुकले, आणि का चुकले ते मला चांगलं माहीत आहे. कित्येक महिने मी एकामागून एक लबाड कायदे वाचत होते. सगळ्यांना वाईट गुण देऊन देऊन मला उबग आला होता. अशात एका छोट्याशा बेटाने एवढा चांगला कायदा केलेला दिसला आणि माझ्यातली मास्तरीण विरघळली. काठावरचं पोर सुधारतंय म्हटल्यावर ग्रेस द्यायला मास्तरांचा हात कसा आपोआप वळतो, तसंच झालं. संस्थेतल्या तपासणाऱ्याने दुवा उघडतो का एवढं पाहिलं आणि पुढे पाठवलं.

माझे वडील कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. कापसाची बैलबंडी समोर आली की ते वरचा कापूस बाजूला सारून कोपरापर्यंत हात आत घालायचे, तळातला पुंजका काढून बोटांनी त्याचा धागा ओढून पाहायचे. वरचा कापूस सगळ्यांचाच पांढरा असतो, म्हणायचे. मी त्यांची पोरगी, आणि मी वरचा पांढरा पुंजका पाहून ग्रेड दिली होती. मला माझीच शिसारी आली.

मी त्याच दिवशी संस्थेला लिहिलं. चूक माझी आहे, बेटाचा नंबर चुकला आहे, ताबडतोब दुरुस्त करा. तीन दिवसांनी फार सभ्य उत्तर आलं. आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आभारी आहोत. या आवृत्तीचे आकडे गोठवलेले आहेत. दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत होईल. तोपर्यंत तक्त्यांबद्दल बाहेर चर्चा करू नये, करारातलं अमुक कलम पाहावं. करारातलं ते कलम मात्र मी ताबडतोब आणि नीट वाचलं. बोलले तर काम जाणार होतं.

सुनावणीला आठवडा होता. मी भावासमोर बसून सगळं सांगू शकत होते. अधिकाऱ्यांना एक साधा अर्ज लिहून देऊ शकत होते की हे गुण मी दिले, ते चुकीचे आहेत, हा कायदा लागूच नाही. पाच ओळींचं काम. मी मनात त्या पाच ओळी बऱ्याचदा लिहिल्या. मग आईच्या औषधांचं पाकीट पाहायची. मग वाटायचं, एका नंबरने असं काय होतंय, हिशेब तर पक्के आहेत ना. भावाला मी फोनवर म्हटलं, "यादीचं राहू दे. त्या बेटाचा नंबर यंदा खाली गेला. नुसते हिशेब ठेव."

"खाली? काऊन?"

"कायदा बदलवला त्यायनं."

तो म्हणाला, "बरं. तू म्हणतं तसं." एवढा विश्वास माझ्यावर कुणी पुन्हा ठेवेल असं मला वाटत नाही.

सुनावणीच्या दिवशी मी घरी होते. दुपारी तीनच्या सुमारास भाऊ आला, आईच्या पायाशी बसला, दोन गिलास पाणी प्यायला. म्हणाला, "सरलं. केली सही."

"कायची सही?"

"समजोत्याची. थोडे जास्तीचे पैसे देऊन राह्यले. हरकत मांगं घेतली."

"अन् हिशेब? साहेबाले दाखवले नाई?"

"त्यायचा वकील म्हने, केस चार-पाच वर्षं चालन. तवरक हातात काई नाई. मीच पह्यली सही केली, मंग बाकीच्यायनं केली." आईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तो जेवला नाही. बसचं कारण सांगून निघून गेला.

पुढचं मला वहिनीकडून कळलं. सुनावणीआधी कंपनीचा वकील भावाला एकट्याला व्हरांड्यात घेऊन गेला होता. पाच मिनिटांनी भाऊ परत आला आणि म्हणाला, सही करून टाकू. जो माणूस महिनाभर गेटवर भाषणं देत होता, तो पाच मिनिटांत वळला. लोक काय म्हणणार? विकला गेला, म्हणाले. त्याच्या मोटारसायकलच्या सीटवर कुणीतरी ब्लेड मारलं. वहिनी रडत म्हणाली, "ताई, एक रुपया घेतला नाई हो त्यायनं. तुमी तरी विचारा, काऊन केलं असं." मी विचारलं नाही. मला भीती होती की बोलता बोलता माझं बाहेर पडेल.

आणि खरं सांगायचं तर मलाही राग आला होता त्याचा. मनातल्या मनात मी म्हटलं, घाई केली याने. लढला असता तर हिशेबांवर जिंकलाही असता. माझ्या चुकीचं ओझं जरा हलकं करायला मला तेवढं पुरत होतं.

कारखान्याची चिमणी बंद झाली. पावसाळ्यानंतर भाऊ ठेकेदाराकडून सावंगीला दवाखान्याच्या गेटवर गार्ड म्हणून लागला. आईचे डोळे दाखवायला मी तिला घेऊन गेले तेव्हा त्याने आम्हाला ठोकून सॅल्यूट मारला. "या मॅडम, व्हीआयपी एंट्री!" आई हसली. एवढ्यात मागून एक ऑटो आला. आत कारखान्यातला जुना फिटर होता, बायकोला घेऊन आलेला. पंधरा वर्षं या दोघांनी एका डब्यातलं खाल्लं होतं. भावाने गेटची दांडी वर करून त्याला रामराम घातला. फिटर सरळ दांडीकडे पाहत राहिला आणि ऑटो आत गेला. भावाने दांडी खाली केली, टोपी नीट केली आणि पुढच्या गाडीचा नंबर वहीत लिहिला. आईला कमी दिसतं, ते एका अर्थी बरंच झालं.

पुढची यादी निघेपर्यंत दोन वर्षं गेली. त्या वेळी माझी दुरुस्ती घेतली गेली आणि बेट वर, त्याच्या खऱ्या जागी जाऊन बसलं. अधिसूचना तोवरही निघालेली नव्हती. संस्थेने तळटीप टाकली होती, बारीक अक्षरात, मागील आवृत्तीतील गुणांकनात सुधारणा. चार शब्दांत सगळं उरकलं होतं. ती तळटीप वाचल्यावर मात्र मला राहवेना. ठरवलं, सांगायचं.

गिरडच्या दर्ग्यातल्या बाबांना बोललेला आईचा नवस फेडायचा राहिला होता. आम्ही तिघं गेलो. आई पायथ्याशी दुकानापाशी बसली, प्रसादाची तयारी करत. मी आणि भाऊ टेकडी चढलो. तिथे सुपारीएवढे गोल दगड सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाचे ते दगड झाले, असं लहानपणापासून ऐकलेलं. भावाने एक उचलला आणि म्हणाला, "बाबाले म्हन ना, त्या कंपनीच्या डब्याइचेबी कर असेच." बऱ्याच दिवसांनी तो असं काही बोलला होता. मी पायरीवर बसले आणि सांगून टाकलं. बेटाला चांगले गुण मी दिले. चुकून दिले. सुनावणीच्या आठवडाभर आधी मला कळलं होतं. तुले सांगितलं नाही, कामाच्या भीतीनं. सांगताना मी त्याच्याकडे न पाहता त्याच्या बुटांकडे पाहत होते, गार्डच्या काळ्या बुटांकडे.

त्याने दगड खाली ठेवला.

"मले माहीत हाय ना ताई."

"कवापासून?"

"त्याच दिवशी. वकिलानं व्हरांड्यात नेलं ना मले, तवा." तो अगदी साध्या आवाजात बोलत होता, कालची गोष्ट सांगावी तसा. वकिलाच्या हातात यादीची छापील प्रत होती. बेटाच्या कौतुकाच्या ओळीखाली पिवळी रेघ मारलेली. मग त्याने शेवटचं पान काढलं. तिथे काम केलेल्या सगळ्यांची नावं असतात. त्यात माझं नाव होतं, त्यावरही पिवळी रेघ. गेटवर कुणाची बहीण काय करते हे कंपनीच्या वकिलाला माहीत असायला हेर लागत नव्हते, भावानेच ते सगळ्या गावाला सांगितलं होतं. वकील फार अदबीनं म्हणाला होता, या आपल्या ताई ना? आत मी हे वाचून दाखवणार. मग त्यांना साक्षीला बोलवावं लागेल. बाहेर तुमची माणसं बसली आहेत, त्यांच्यासमोर. ताईंचा परदेशी करार आहे म्हणे, तो राहील का हो?

"मंग मी का करणार होतो?" भाऊ म्हणाला. "चूक झाली हे मले पटलंच होतं. तू मुद्दाम करशीन का असं? पण ते भायेर बसले होते ना, त्यायले कोण पटवन? म्हनले असते, यायच्या घरातूनच झालं सारं."

"मले काऊन नाई सांगितलं?"

"सांगून का होत होतं? कारखाना तं जातच होता. तुह्यं कामबी घालवू का?"

कारखाना जातच होता की नव्हता, हे मोजायला माझ्याकडे कुठला तक्ता नाही. कदाचित जातच होता. कदाचित त्या हिशेबांवर अधिकाऱ्यांनी चार प्रश्न विचारले असते आणि वर्षभर तरी बॉयलर पेटता राहिला असता. मी रडले, पायरीवर बसून, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. दोन वर्षं मी ज्याला मनातून घाईखोर म्हणत होते, तो माझ्यासाठी गावभर बेइमान ठरून बसला होता आणि वर मला सॅल्यूट मारत होता. मी म्हटलं, मी देवळीला येते. फिटरच्या घरी जाते, कमिटीतल्या एकेकाच्या घरी जाते आणि सांगते खरं काय ते.

"नको येजो," तो म्हणाला. "माह्यं नाव गेलंच हाय. आता त्यायले समजलं की बहिणीसाठी केलं, तं काय मोठं सोनं होणार हाय? विकला गेला म्हनतात, तं म्हनू दे. निदान तुह्यं तं नाव राह्यलं ना." मग त्याने खाली पाहिलं. आई हात हलवून बोलवत होती. "चाल, मायनं काढून ठेवलं सारं."

त्याला आता वर्ष होत आलं. मी देवळीला गेले नाही. त्याने नको म्हटलं म्हणून नाही, ते निमित्त मला फार सोयीचं पडलं म्हणून. यंदाचे तक्ते आले आहेत, त्यात ते बेट पुन्हा माझ्याच वाट्याला आहे, आणि मी आता प्रत्येक कायद्याचं पहिलं कलम दोनदा वाचते. संस्थेने माझ्या अचूकतेबद्दल शाबासकीचं पत्र पाठवलं. पगार थोडा वाढला. देवळीच्या बस स्टँडवर माझ्या भावाला अजून कुणी चहाला बोलावत नाही.